आपला माणूस सत्तेत गेला, पुढे काय?

निवडणूक जिंकली, पण मुख्यमंत्री कोण हे ठरेना, ही पंचाईत आपल्याला नवी नाही. 1919 साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात झालेली पंचाईत मात्र वेगळी होती. तिथं जिंकलेल्यांकडे इच्छुकांची भाऊगर्दी नव्हती, नेताच नव्हता. 111 जागांच्या विधानसभेत 'युनायटेड फार्मर्स ऑफ ओंटारिओ' या शेतकरी संघटनेचे चाळीसहून अधिक उमेदवार निवडून आले आणि संघटना सर्वांत मोठी ठरली. मावळता मुख्यमंत्री स्वतःच्या मतदारसंघात पडला. मजुरांच्या पक्षाला 11 जागा मिळाल्या. दोघं एकत्र आले तर काठावरचं बहुमत जमत होतं. पण राज्य करायचं म्हणून कुणी निवडणूक लढवलेलीच नव्हती. शहरातल्या वकील-व्यापाऱ्यांच्या विधानसभेत आपलीही चार माणसं असावीत, एवढीच अपेक्षा होती.

मग शोधाशोध सुरू झाली. संघटनेचा खरा कर्ताधर्ता होता सचिव जे. जे. मॉरिसन. त्यानं नकार दिला. शेवटी निवड झाली अर्नेस्ट चार्ल्स ड्रुरी यांची. ते सिम्को परगण्यातल्या क्राउन हिलचे शेतकरी, वय 41, आणि निवडणुकीला उभेसुद्धा राहिलेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी शपथ घेतली आणि नंतर हॉल्टनमधून पोटनिवडणुकीनं सभागृहात आले. आमदारांत कायदा शिकलेलं कुणी नव्हतं. म्हणून ॲटर्नी जनरल बाहेरून आणावा लागला, डब्ल्यू. ई. रेनी नावाचा, प्रांताची राजधानी टोरंटोतला वकील. वकिलांच्या राज्याला कंटाळून शेतकऱ्यांनी सरकार आणलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना वकील शोधत फिरावं लागलं.

ड्रुरींची पुढची चार वर्षं आपल्याकडच्या एका जुन्या वादावर बराच प्रकाश टाकतात. शेतकरी संघटनेनं राजकारणात उतरावं का, आणि उतरल्यावर निवडून आलेल्या शेतकऱ्यानं कुणाचं ऐकायचं? माझं मत आधीच सांगतो. शेतकरी खुर्चीवर बसला की त्यानं सगळ्या प्रांताचा कारभार पाहिला पाहिजे. संघटनेनं मात्र संघटनाच राहिलं पाहिजे, आणि तिनं त्याच्या गळ्यात दोरी बांधून ती हातात धरून बसू नये. ओंटारिओत नेमकं उलट झालं, आणि त्यात दोघंही बुडाले.

ड्रुरी काही अचानक उगवलेले नव्हते. त्यांचे वडील चार्ल्स ड्रुरी 1888 मध्ये ओंटारिओचे पहिले कृषिमंत्री झाले होते. अर्नेस्ट 1900 साली ओंटारिओ ॲग्रिकल्चरल कॉलेजातून पदवी घेऊन घरच्या शेतावर परतले. 1914 मध्ये संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. त्याच वर्षी संघटनेची सहकारी कंपनी निघाली. शेतकऱ्यांची मुख्य तक्रार आयात करांबद्दल होती. देशातल्या कारखानदारांना संरक्षण मिळावं म्हणून बाहेरच्या मालावर जकात बसवलेली, त्यामुळे अवजारं महाग. उलट गहू, लोणी, चीज यांचा भाव मात्र जगाच्या बाजारात ठरणार. घ्यायचं ते संरक्षित बाजारात आणि विकायचं ते उघड्यावर. आपल्या कापूस-कांद्याच्या शेतकऱ्याला ही तक्रार कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण नुसत्या भावाच्या प्रश्नावर लोक चाळीस-चाळीस जागा देत नसतात. ठिणगी पडली ती महायुद्धात. 1917 साली सक्तीची लष्करभरती आली. डिसेंबरमधल्या केंद्रीय निवडणुकीआधी शेतकऱ्यांच्या मुलांना सूट देण्याचं वचन दिलं गेलं. एप्रिल 1918 मध्ये जर्मनांचा मोठा हल्ला सुरू असताना ते वचन काढून घेतलं. पेरणीचे दिवस, आणि घरातला हाताशी आलेला पोरगा फ्रान्सला. मे महिन्यात हजारो शेतकरी देशाच्या राजधानीत, ओटावात धडकले. पंतप्रधान बोर्डेन यांनी त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅनिटूलिनच्या पोटनिवडणुकीत संघटनेचा बेनाया बोमन निवडून आला, आणि पुढच्या वर्षी अख्खा प्रांत हललेला दिसला. म्हणजे शेतकऱ्याला राजकारणात ढकललं ते मोडलेल्या शब्दानं. भावाची मागणी तर तीस वर्षं होतीच.

सत्तेत आल्यावर ड्रुरींनी काय केलं, ते बघा. 1920 मध्ये विधवा आणि निराधार आयांना मुलं वाढवण्यासाठी सरकारी भत्ता देणारा कायदा आला. कारखान्यांत-दुकानांत काम करणाऱ्या बायकांसाठी किमान वेतन मंडळ आलं. दत्तक मुलांचे आणि विवाहबाह्य जन्मलेल्या मुलांचे हक्क कायद्यानं बांधले गेले. 1922 मध्ये सरकारी बचत बँक निघाली. शहरातल्या माणसानं त्यात पैसे ठेवायचे आणि ते शेतीकर्जासाठी वापरायचे, अशी तिची रचना. ही बँक 2003 पर्यंत तग धरून होती. रस्ते झाले. एवढं करताना ड्रुरींनी एका मोठ्या माणसाशी वैर घेतलं. जलविद्युत मंडळाचे सर्वेसर्वा ॲडम बेक यांना गावोगावी विजेच्या आगगाड्यांचं जाळं विणायचं होतं, तेही सरकारी हमीच्या कर्जावर. ड्रुरींनी चौकशी आयोग नेमला, आयोगानं योजना परवडणारी नाही असं सांगितलं, आणि ती मागे पडली. त्या काळात मोटारी वाढतच होत्या, त्यामुळे निर्णय शहाणपणाचा होता. पण शहरं चिडली.

आणि झाडं. हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडं थांबतो. सिम्को परगण्यात आधीच्या दोन पिढ्यांनी पाइनची जंगलं तोडून शेतं केली होती. जमीन वाळूची. वरचा मातीचा थर काही वर्षांत गेला आणि उरली उडणारी वाळू. कुंपणं गाडली जात, लोक घरं सोडून जात. ड्रुरी आणि वनाधिकारी एडमंड झाविट्झ यांची ओळख जुनी. पडीक जमिनीवर पुन्हा जंगल उभं करायचं, हा विषय दोघांत सत्तेच्या आधीपासून होता. मुख्यमंत्री झाल्यावर ड्रुरींनी तो तडीस नेला. परगण्यानं जमीन विकत घ्यायची, प्रांतानं रोपं लावायची आणि सांभाळायची, असा करार ठरला. 1922 मध्ये हेंड्री जंगलापासून त्याची सुरुवात झाली. आज सिम्को परगण्याच्या मालकीचं जंगल ओंटारिओतल्या सर्वांत मोठ्या परगणा-जंगलांपैकी एक आहे.

हे काम एखाद्या वकिलाच्या हातून झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. पण वाळू कशी उडते आणि ती शेजाऱ्याच्या पिकावर कशी येऊन पडते, हे ड्रुरींना अहवाल वाचून कळलेलं नव्हतं. शेतकरी राजकारणात आल्याचा फायदा असलाच तर तो इथं दिसतो. विशिष्ट जमिनीचं, विशिष्ट पिकाचं, विशिष्ट अडचणीचं ज्ञान तो सोबत आणतो. 'शेतकऱ्याचा मुलगा' हे बिरुद पोस्टरवर छापून यातलं काही येत नाही.

आता दुसरी बाजू. या यादीतला किती भाग 'शेतकऱ्यांसाठी' होता? बचत बँक, काही रस्ते, झाडं. विधवा आया, कारखान्यातल्या मुली आणि दत्तक मुलं यांचा संघटनेच्या ठरावांशी फारसा संबंध नव्हता. मॉरिसनला हेच खुपत होतं.

सरकार येऊन वर्ष होतं न होतं तोच ड्रुरी जाहीरपणे म्हणू लागले की आता शेतकऱ्यांपुरतं राहून चालणार नाही. गावाबाहेरच्या, शहरातल्या सुधारणावादी माणसांनाही सोबत घेऊन लोकांचा पक्ष उभा केला पाहिजे. मॉरिसननं याला कडाडून विरोध केला. त्याचा सिद्धान्त साधा होता. समाज धंद्या-धंद्यांनी बनलेला आहे. प्रत्येक धंद्यानं आपले प्रतिनिधी पाठवावेत, आणि त्यांनी सभागृहात बसून आपसात तोडगा काढावा. पक्ष म्हणजे भ्रष्टाचाराचं मूळ, म्हणून पक्ष नकोच. पश्चिमेकडे अल्बर्टा प्रांतात हेन्री वाइज वुड हा शेतकरी नेता हेच मांडत होता. दोन वर्षं ड्रुरी आणि मॉरिसन यांचं हे भांडण संघटनेच्या सभांमध्ये आणि संघटनेच्याच वर्तमानपत्रात चाललं. विरोधातल्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता हॉवर्ड फर्ग्युसन बाजूला उभा राहून मजा बघत होता. त्याला फार काही करावं लागलं नाही.

मॉरिसनच्या भीतीत तथ्य नव्हतं असं नाही. सत्ता माणसाला बदलते. टोरंटोत राहायला गेलेला शेतकरी हळूहळू टोरंटोच्या कानांनी ऐकू लागतो. त्याच सरकारचे खजिनदार पीटर स्मिथ, तेही शेतकरीच, सरकारी रोख्यांच्या एका व्यवहारात अडकले आणि 1924 मध्ये तुरुंगात गेले. ड्रुरींवर डाग आला नाही, पण 'आमची माणसं वेगळी असतील' ही हमी मात्र मोडून पडली. तरीही मॉरिसनच्या सिद्धान्ताचं पुढचं पाऊल काय, हे विचारावं लागतं. धंद्याचा प्रतिनिधी म्हणून गेलेला माणूस प्रांताचा अर्थसंकल्प कसा मांडणार? ज्यांचा धंदा संघटित नाही त्यांचं काय? ज्या विधवेला भत्ता मिळाला ती कोणत्या संघटनेची सभासद होती?

शिवाय शेतकऱ्यांच्या 'वर्गा'तही फटी होत्याच. मजुरांच्या पक्षासोबत सरकार चाललं होतं खरं, पण आठ तासांच्या दिवसाचा विषय निघाला की शेतकरी आमदार अस्वस्थ व्हायचे. शहरात आठ तास झाले तर गडी शेतावर पहाटेपासून कशाला राबेल? मजुरांना आयात कर हवा होता, कारण त्यावर त्यांचा कारखाना चालत होता. शेतकऱ्यांना तो नको होता. आमच्याकडे शेतकरी-कामगार एकजुटीच्या घोषणा किती वर्षं ऐकल्या. सत्तेत आल्यावर ही एकजूट कुठे फाटते, हे ओंटारिओत 1919 ते 1923 या काळात उघड्यावर दिसलं.

दारूबंदीनंही सरकारचं बरंच रक्त आटवलं. 1919 च्या निवडणुकीबरोबरच झालेल्या सार्वमतात लोकांनी दारूबंदी कायम ठेवली होती. ड्रुरी आणि रेनी दोघं कट्टर. रेनींनी इतकी कडक अंमलबजावणी केली की 1920 मध्ये विंडसरजवळ धाडीसाठी नेमलेल्या एका पाद्र्यानं हॉटेलमालकाला गोळी घातली. शहरी मतदार दुरावला तो तिथून परत आला नाही. जून 1923 मध्ये मतदान झालं, फर्ग्युसनच्या कन्झर्व्हेटिव्हांना 75 जागा मिळाल्या आणि शेतकऱ्यांना 17. ड्रुरी स्वतः हरले. त्यानंतर संघटनेनं राजकारणातून अंग काढून घेतलं.

अल्बर्टातली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथं 1921 मध्ये शेतकऱ्यांनी 61 पैकी 38 जागा जिंकल्या. वुडनं मुख्यमंत्रिपद नाकारलं, म्हणून हर्बर्ट ग्रीनफिल्ड या शेतकऱ्याला बसवण्यात आलं. तोही निवडणूक न लढवलेला. चार वर्षांत तो थकला आणि जागा घेतली जॉन ब्राउनली यांनी. ते वकील! शेतकऱ्यांचं सर्वांत कर्तबगार सरकार वकिलानं चालवलं. मंदीनं सगळं खाल्लं आणि 1935 मध्ये सत्ताधारी शेतकऱ्यांचा एकही आमदार निवडून आला नाही. पण त्या संघटनेचं सहकारी दुकान आजही अल्बर्टात चालू आहे. मंत्री गेले, पक्ष गेला, दुकान राहिलं. ओंटारिओच्या संघटनेची सहकारी कंपनीही पुढे कित्येक दशकं टिकली. संघटनेची ताकद नेमकी कशात असते, हे यावरून ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते ती खरेदी-विक्रीत, माहितीत आणि वेळ पडल्यास रस्ता अडवण्यात असते.

शेजारच्या सस्कॅचेवानमध्ये तिसराच मार्ग निघाला. तिथल्या लिबरल पक्षानं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमधली माणसं वेळेवर आपल्यात ओढली. धान्याच्या सहकारी कोठारांचा व्यवस्थापक असलेला चार्ल्स डनिंग मंत्री झाला आणि 1922 मध्ये मुख्यमंत्री. बंड उठण्याआधीच त्याचा नेता पक्षाच्या व्यासपीठावर. मराठी वाचकाला इथं ओळखीचं काही दिसेल. शेतकरी कामगार पक्ष काँग्रेसमधून फुटून निघाला, त्याचे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे पुढे काँग्रेसमध्ये परतले, आणि यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष हाच आमदारकीचा सर्वांत खात्रीचा रस्ता झाला. या वाटेनं जाणाऱ्याच्या हातात सत्ता राहते, पण भाव मागणारा आवाज राहत नाही. कारखान्याचा अध्यक्ष ऊस विकत घेणारा असतो, विकणारा नसतो. शेतकरी म्हणून तो निवडून येतो आणि संचालक मंडळात बसतो गिऱ्हाईक म्हणून.

म्हणूनच 1980 मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना वाढली तेव्हा तिला निवडणुकीपासून लांब राहायचं होतं. तरी 1994 मध्ये तिचे संस्थापक शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढलाच. राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना तिच्यातून वेगळी झाली, ते आमदार झाले, दोनदा खासदार झाले आणि 2019 मध्ये हरले. त्यांचेच सहकारी सदाभाऊ खोत 2016 मध्ये कृषी राज्यमंत्री झाले आणि वर्षभरात दोघांची फारकत झाली. ड्रुरी-मॉरिसन भांडणाची ही आपली आवृत्ती, फक्त इथं तत्त्वाची चर्चा कमी आणि कोण कुणाला विकला गेला याची जास्त. पंजाबात तर दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसून तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावणाऱ्या संघटनांमधल्या काहींनी 2022 मध्ये संयुक्त समाज मोर्चा म्हणून निवडणूक लढवली आणि त्यांना एकही जागा मिळाली नाही. जी गर्दी रस्ता अडवू शकते ती मतपेटीत उतरेलच असं नाही, कारण मतदार घरून निघताना नुसता शेतकरी नसतो. त्याला जात असते, नोकरीला लागलेला मुलगा असतो, शेजारच्या गावाशी वैर असतं, वीजबिल असतं.

कुणी म्हणेल, मग शेतकऱ्यानं विधानसभेत जाऊच नये का? जावं, जरूर जावं. पण शेतकरी असणं हा कार्यक्रम आहे असं समजून जाऊ नये. ओंटारिओतच याचा पुरावा आहे. ड्रुरींनंतर अकरा वर्षांनी मिचेल हेपबर्न मुख्यमंत्री झाले, तेही शेतकरी, कांदा पिकवणारे, तरुणपणी याच संघटनेत वावरलेले. 1934 मध्ये त्यांनी आधीच्या सरकारच्या मोटारी मैदानात आणून जाहीर लिलावानं विकल्या. गर्दीला ते फार आवडलं. 1937 मध्ये ओशावात जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले तेव्हा हेच हेपबर्न खास पोलीस भरती करून कंपनीच्या बाजूनं उभे राहिले. दोघंही शेतकरी, एकच प्रांत. एकानं बायकांना किमान वेतन दिलं, दुसऱ्यानं युनियन मोडायला दंडुके जमवले. मातीत हात घातल्यानं माणूस कोणत्या बाजूचा होईल, हे ठरत नाही. (याच हेपबर्न सरकारनं ड्रुरींना सिम्को परगण्याचा शेरीफ नेमलं, आणि माजी मुख्यमंत्र्यानं ती नोकरी आनंदानं केली. राजकारणातून निवृत्त होऊन तालुक्याच्या कचेरीत बसणारा माजी मुख्यमंत्री आपल्याकडे कल्पनेतही येत नाही.)

त्यामुळे शेतकरी उमेदवार दारात आला की त्याच्या सातबाऱ्यात मला रस नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, एकरकमी मिळावी, हे तो सांगणारच, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच उसाला कोयता लावणाऱ्या जोडप्याचं काय? बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. त्या बायकांची उचल, त्यांची मजुरी, फडावरचं पाणी आणि संडास, यावर शेतकरी नेत्यांच्या भाषणात किती मिनिटं जातात? रोजगार हमीच्या कामांमुळे 'मजूर मिळत नाहीत' म्हणून सर्वांत मोठ्यानं तक्रार कोण करतं, हे गावात राहणाऱ्याला माहीत आहे. ड्रुरींच्या आमदारांना आठ तासांचा दिवस जिथं टोचला, तिथंच आपल्या शेतकरी आमदारालाही टोचणार आहे. त्या वेळी तो संघटनेकडे वळून बघणार की सभागृहात उभा राहून बोलणार, हे मला निवडणुकीच्या आधी त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.